हजेरी १४३, नोंद ७४ : अंध कामगाराचा बेरोजगारी भत्त्याचा दावा कुठे अडतो

महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय संस्थेत एकाच छताखाली दोन विभाग चालतात. एक अनुदानित कर्मशाळा, जिथे खुर्ची विणणं, मेणबत्त्या, फाइली असं प्रशिक्षण दिलं जातं. दुसरा उत्पादन विभाग. हार्डवेअरच्या व्यापाऱ्याकडून येणारे स्क्रू आणि वॉशर मोजून पाकिटात भरायचे, विजेच्या यंत्रावर तोंड सील करायचं आणि खोक्यात लावायचं, असं जॉबवर्क तिथे २२ अंध कामगार करतात. मजुरी नगावर, पाकिटामागे ६० पैसे. ३१ मार्च २०२३ ला व्यापाऱ्याने काम बंद केलं. त्या २२ जणांतल्या एका महिला कामगाराच्या दाव्याचं हे प्रकरण.

एक खुलासा आधीच. हे कुणा एका व्यक्तीचं प्रकरण नाही. अशा विभागांत वारंवार घडणाऱ्या गोष्टी एका कामगारावर मांडल्या आहेत, आणि मजुरीचे व दिवसांचे आकडे हिशेब उलगडावा म्हणून घेतले आहेत. नियम मात्र त्या वेळी, म्हणजे २०२३ मध्ये, लागू होते तेच घेतले आहेत.

बाई जुलै २०१८ पासून संस्थेत येतात. सुरुवातीला कागदावर ‘प्रशिक्षणार्थी’, हातात विद्यावेतन. ऑक्टोबर २०२० पासून उत्पादन विभागात ‘कामगार’ म्हणून नाव लागलं, ईएसआयचा (राज्य कामगार विम्याचा) क्रमांक मिळाला. सरासरी ८०० पाकिटं रोज, म्हणजे दिवसाला ४८० रुपये. काम थांबल्यावर फोन आला : “ताई, ऑर्डर बंद झालीय. पुन्हा आली की कळवू, तेव्हा या.” लेखी काही नाही. मे महिन्यात त्यांनी ईएसआयच्या बेरोजगारी भत्त्यासाठी, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली अर्ज केला. पोर्टलने अंशदानाची (विम्यापोटी कामगार आणि संस्था भरतात त्या हप्त्याची) अट पूर्ण होत नाही असं सांगून तो नाकारला.

आधी प्रश्न : ती कामगार आहे का?

अमेरिकेत हा प्रश्न कायद्यानेच सोडवला, तोही कामगाराच्या विरोधात. तिथल्या बेरोजगारी विमा कराच्या संघीय कायद्यात कलम ३३०९(ब)(४) आहे. १९७० च्या दुरुस्तीने बिगर-नफा संस्थांतले नोकर विम्याखाली आले, पण पुनर्वसनासाठी किंवा खुल्या बाजारात सहज काम न मिळणाऱ्या अपंगांना मजुरीचं काम देण्यासाठी चालवलेल्या केंद्रात, तेच पुनर्वसन किंवा काम घेणाऱ्या माणसाला बाहेर ठेवायची मुभा राज्यांना राहिली. म्हणजे तिथला पर्यवेक्षक विम्यात आणि त्याच टेबलावर झाडू बांधणारा अंध कामगार बाहेर, असं होऊ शकतं.

आपल्याकडे तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यात असं कलम नव्हतं. १० किंवा जास्त माणसं काम करत असलेला कारखाना कायद्याखाली येतो, संस्था धर्मादाय आहे म्हणून आपोआप सुटत नाही. पाकिटं भरणं ही ‘उत्पादन प्रक्रिया’ आहे का, असा वाद संस्थेचे सल्लागार घालतात. कारखाने अधिनियमाच्या व्याख्येत ‘पॅकिंग’ हा शब्दच आहे, त्यामुळे तो वाद फार टिकत नाही. कलम २(९) मधल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येतून १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली नेमलेला शिकाऊ वगळला आहे. तसा नोंदलेला करार नसताना केवळ मस्टरवर ‘प्रशिक्षणार्थी’ लिहिल्याने माणूस बाहेर जात नाही. तो बाहेरच्या गिऱ्हाइकाचा माल तयार करतो का, कामाची वेळ ठरलेली आहे का, नगामागे पैसे मिळतात का, हे बघितलं जातं. वाद पेटलाच तर ‘ही व्यक्ती कर्मचारी आहे का’ हे ठरवायचा अधिकार कलम ७५ खाली कामगार विमा न्यायालयाला आहे. वादाचं कारण घडल्यापासून तीन वर्षांत तिथे अर्ज करावा लागतो.

या प्रकरणात हा प्रश्न ऑक्टोबर २०२० नंतरच्या काळापुरता मिटलेला आहे, कारण विमा क्रमांक आहे आणि अंशदान भरलेलं आहे. जुलै २०१८ ते सप्टेंबर २०२० चा काळ भत्त्यासाठी लागतच नाही. नुकसानभरपाईसाठी मात्र तो फार महत्त्वाचा ठरतो. ते पुढे येईल.

जाता जाता वेतनमर्यादेची एक गोष्ट. ईएसआयची मर्यादा महिना २१,००० रुपये, पण दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी २५,०००. याच संस्थेत २३,००० रुपये पगाराचा अंध पर्यवेक्षक असेल, तर कारकून त्याला सवयीने ‘मर्यादेबाहेर’ टाकतो आणि त्या माणसाचा विमाच बंद होतो. दिव्यांग प्रमाणपत्राची नोंद विमा क्रमांकाशी लावलेली आहे की नाही, हे नोकरीत असतानाच पाहून ठेवावं.

७८ दिवसांचा हिशेब

भत्त्याची ही अटल योजना जुलै २०१८ ची. सुरुवातीला सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळत आणि ९० दिवस थांबावं लागे. मार्च २०२० पासून दर ५० टक्के झाला आणि प्रतीक्षा ३० दिवसांवर आली. या शिथिलीकरणाला मुदतवाढ मिळत गेली, एप्रिल २०२३ मध्ये तेच लागू होतं. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे मिळतात. पात्रता अशी : बेरोजगार होण्याआधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी, लगतच्या अंशदान कालखंडात किमान ७८ दिवसांचं अंशदान, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी कोणत्याही एका कालखंडात ७८ दिवस. कालखंड दोनच प्रकारचे, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च.

बाईंच्या विमा खात्यावरच्या नोंदी अशा होत्या.

एप्रिल ते सप्टेंबर २०२१ : ५२ दिवस, २४,९६० रुपये.
ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२२ : १४० दिवस, ६७,२०० रुपये.
एप्रिल ते सप्टेंबर २०२२ : ७१ दिवस, ६६,२४० रुपये.
ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ : ७४ दिवस, ६८,६४० रुपये.

लगतच्या कालखंडात ७४, म्हणून अर्ज चार दिवसांनी पडला. पण हेच आकडे भागून बघितले तर घोटाळा लगेच दिसतो. दुसऱ्या कालखंडात ६७,२०० भागिले १४०, म्हणजे रोज ४८० रुपये. चौथ्यात ६८,६४० भागिले ७४, म्हणजे रोज सुमारे ९२८ रुपये. पाकिटामागचा दर बदललेला नाही. बाईंचा हातही दुप्पट वेगाने चाललेला नाही.

झालं असं, की एप्रिल २०२२ मध्ये पगारपत्रकाची नवी एक्सेल शीट आली. नगावर काम करणाऱ्यांचे ‘दिवस’ कसे भरायचे हे कारकुनाला कुणी सांगितलं नाही. त्याने डोळस पॅकरवरून ठरवलेलं दिवसाला १,५५० पाकिटांचं मान घेतलं आणि सहामाहीतल्या एकूण पाकिटांना त्याने भागलं. १४३ दिवस कामावर आलेल्या बाईंनी १,१४,४०० पाकिटं भरली होती. १,५५० ने भागून आले ७४. आधीच्या सहामाहीत १३८ दिवसांची १,१०,४०० पाकिटं, म्हणून ७१. ही अप्रामाणिकता नव्हती, पण परिणाम तोच. डोळस माणसाच्या वेगाने मोजलेला दिवस अंध कामगाराच्या खात्यावर अर्धाच पडतो, आणि पात्रता मात्र दिवसांवर ठरते.

नियम साधा आहे. ज्या दिवसाची मजुरी दिली किंवा देय झाली तो एक दिवस, पाकिटं ८० असोत की ८००. पगारी सुट्टी आणि पगारी रजाही यात धरतात. आणखी एक गोष्ट कारकुनांना सहसा माहीत नसते. कायद्यातल्या ‘वेतन’ या व्याख्येत ले-ऑफच्या (काम नसल्याने तात्पुरतं घरी बसवल्याच्या) काळात दिलेली रक्कमही येते. २०२१ च्या उन्हाळ्यात, काम नसताना संस्थेने घरी बसलेल्यांना ले-ऑफपोटी काही रक्कम दिली असेल आणि ती ‘मदत’ या खात्यावर दाखवली असेल, तर तेवढे दिवस विनाकारण बुडाले. अशी रक्कम देताना पगारपत्रकात तिला ले-ऑफ म्हणूनच लिहावं आणि त्यावर अंशदान भरावं.

हे ७४ दिवस दुसरीकडेही नडतात. ऑक्टोबर ते मार्चच्या अंशदानावर पुढच्या जुलै ते डिसेंबरचा लाभ कालखंड उभा राहतो. आजारपणाच्या रोख लाभालाही ७८ दिवसच लागतात.

दुरुस्ती

यात एक सोय आहे. मजुरीची रक्कम बरोबर होती, म्हणून अंशदानही पूर्ण भरलेलं आहे. महिन्याला २४ दिवसांचे ११,५२० रुपये धरले तर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ८७ रुपये आणि संस्थेचे ३.२५ टक्के म्हणजे ३७५ रुपये, दोन्ही वरच्या रुपयात. तेवढे गेलेले आहेत. थकबाकी नाही, व्याज नाही, म्हणून संस्थेला दुरुस्तीची भीती बाळगायचं कारण नाही. हे विश्वस्तांना पहिल्या भेटीतच समजावून सांगितलं तर निम्मं काम होतं.

मागच्या कालखंडाची नोंद संस्थेला पोर्टलवर परस्पर फिरवता येईल अशी आशा धरू नये. संस्थेच्या लेटरहेडवर शाखा कार्यालयामार्फत प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाला अर्ज द्यावा. त्यात महिनावार चुकीचे दिवस, बरोबर दिवस आणि चूक का झाली याचं एका परिच्छेदात कारण लिहावं, म्हणजे भागाकाराची पद्धत उघड सांगावी. सोबत हजेरीपत्रक, पगारपत्रक, नगांची रोजची वही आणि बँकेतून मजुरी गेल्याचा उतारा जोडावा. २२ जणांची चूक एकाच प्रकारची असल्याने एकच अर्ज आणि एक तक्ता पुरतो. एकेकट्याने गेलं तर प्रत्येक वेळी तेच पुरावे पुन्हा मागितले जातात.

संस्थेने टाळाटाळ केली तर कामगाराने स्वतः लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ईएसआयसीचा (विमा चालवणाऱ्या महामंडळाचा) सामाजिक सुरक्षा अधिकारी संस्थेत येऊन दप्तर तपासू शकतो. ‘सुविधा समागम’ या तक्रार बैठकीत विषय मांडता येतो. पुराव्याचा विचार आधीच केलेला बरा. कामगाराची स्वतःची ब्रेल वही किंवा मोबाइलमधल्या आवाजी नोंदी आठवणीला मदत करतात, पण एकट्या त्यांच्यावर दिवस सिद्ध होणं कठीण. नगांची वही, बायोमेट्रिक हजेरी, जेवणाच्या कुपनांची नोंद ही संस्थेचीच कागदपत्रं असल्याने जड पडतात. मस्टर गहाळ झालं असं उत्तर आलं, तर व्यापाऱ्याकडची माल-पोच चलनं मागवावीत. त्यावर तारखा असतात.

कारण क्रमांक २

दिवस सुधारले तरी दुसरी अडचण बाकी होती. एप्रिल २०२३ चं अंशदान भरताना शून्य दिवस टाकले की पोर्टल कारण विचारतं. यादीतला क्रमांक २ म्हणजे नोकरी सोडली. १० म्हणजे कपात, म्हणजे संस्थेनेच कामगार कमी करणं (रिट्रेंचमेंट). ११ म्हणजे काम नाही. कारकुनाने २ निवडला आणि शेवटचा दिवस ३१ मार्च टाकला. योजनेत स्वेच्छेने नोकरी सोडलेला, गैरवर्तनासाठी काढलेला, बेकायदेशीर ठरलेल्या संपावर गेलेला किंवा निवृत्त झालेला माणूस अपात्र आहे. शाखा कार्यालय पडताळणी करताना संस्थेला विचारतं, आणि संस्थेचं उत्तर आलं की ‘सदर कामगाराने येणे बंद केले’.

हे हलगर्जीपणाने झालं की जाणूनबुजून? बहुधा दोन्ही. ‘कपात’ लिहिलं की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५फ लागू होतं : वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा त्याबद्दलचं वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सलग सेवा म्हणजे मागच्या १२ महिन्यांत २४० दिवस. बाईंचे १३८ अधिक १४३, म्हणजे २८१ भरतात. ऑक्टोबर २०२० पासून धरलं तर दोन पूर्ण वर्षं, ४८० × १५ × २ = १४,४०० रुपये. प्रशिक्षणार्थी म्हणवलेला काळही नोकरी ठरला तर जुलै २०१८ पासून चार वर्षं नऊ महिने होतात. सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून पाच वर्षं, ३६,००० रुपये. २२ जणांचा हिशेब मांडला की क्रमांक १० चं बटण संस्थेला का नको असतं ते कळतं.

म्हणून काम थांबल्याच्या पहिल्या आठवड्यातच कामगाराने एक पत्र द्यावं : अमुक तारखेला फोनवरून काम नसल्याचं कळवलं, मी कामाला यायला तयार आहे, काम कधी मिळेल ते लेखी कळवावं. हाताने दिलं तर पोच, नाहीतर रजिस्टर पोस्ट. या एका पत्राने ‘स्वतः सोडलं’ हा दावा कमकुवत होतो.

याहून मोठा सापळा हिशेबाच्या पावतीचा. शेवटची मजुरी देताना एक छापील कागद पुढे येतो, ‘इथे अंगठा द्या’. त्यात मजुरी मिळाल्याच्या वाक्यानंतर ‘मी माझ्या मर्जीने नोकरी सोडत आहे’ ही ओळ असते. दिसत नाही म्हणून विचारायचा संकोच, आणि पैसे हवे असतात. कागद मोबाइलवर स्कॅन करून ऐकावा किंवा संस्थेबाहेरच्या माणसाकडून पूर्ण वाचून घ्यावा. सहीशेजारी वाचून दाखवणाऱ्याचं नाव, सही आणि तारीख असावी. नको ती ओळ खोडून त्यावर दोघांची सही घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये.

रक्कम : २१,६०० नव्हे, १३,९९६

बाईंची अपेक्षा साधी होती. ४८० चे निम्मे २४०, गुणिले ९०, म्हणजे २१,६०० रुपये. हिशेब तसा होत नाही. चार कालखंडांची एकूण कमाई ७३० ने भागतात, कामाच्या दिवसांनी नव्हे. २४,९६० + ६७,२०० + ६६,२४० + ६८,६४० = २,२७,०४०. भागिले ७३० म्हणजे रोज ३११.०१ रुपये. त्याचे निम्मे १५५.५१, आणि ९० दिवसांचे साधारण १३,९९६. रविवार, सणवार, २०२१ चा रिकामा उन्हाळा, सगळं या भाजकात जिरतं. कर्मशाळांतलं काम ऑर्डरवर चालतं, मधे खंड पडतात, त्यामुळे हा फटका तिथे जास्त बसतो.

पैसे १ एप्रिल ते २९ जून २०२३ या ९० दिवसांचे. पुढच्या तारखेचा आगाऊ दावा चालत नाही. एक महिना बेरोजगारीचा पूर्ण झाला की त्या महिन्याचा दावा. १५ जूनला दुसरीकडे काम लागलं असतं तर १४ जूनपर्यंतचे ७५ दिवस, म्हणजे ११,६६३ रुपये.

अर्ज ऑनलाइन भरायचा, आधार आणि पासबुकाची प्रत जोडायची. पूर्वी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र लागे, ती अट नोव्हेंबर २०२० मध्ये निघाली. तरी काही ठिकाणी अजून मागतात, तेव्हा हे सांगावं. बँक खातं कामगाराच्या स्वतःच्या नावाचं आणि विमा क्रमांकाशी जोडलेलं हवं. अंध कामगारांचं खातं अनेकदा आईच्या किंवा भावाच्या नावावर चालतं आणि दावा तिथे अडकतो. आधारवर नावापुढे ‘बाई’ आणि विमा खात्यावर नुसतं नाव, एवढ्यानेही अडतो. पोर्टलवर चित्रातली अक्षरं ओळखून भरायला लागतात, तिथे स्क्रीन रीडर थांबतो. त्यासाठी सायबर कॅफेत पासवर्ड देऊन येण्यापेक्षा शाखा कार्यालयात जाऊन तिथल्या कर्मचाऱ्याकडून भरून घेणं सुरक्षित.

दुसरे दोन रस्ते

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना जास्त देते : २४ महिन्यांपर्यंत, पहिल्या वर्षी ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. पण तिथे कारण कपात किंवा कारखाना बंद होणं हेच लागतं, म्हणजे पुन्हा तो क्रमांक १० चा प्रश्न. तिच्यात ४० टक्के कायमच्या अपंगत्वाचाही मुद्दा आहे, आणि ‘माझं प्रमाणपत्र १०० टक्क्यांचं आहे’ म्हणून अंध कामगार त्या रकान्यात खूण करतात. तो रकाना नोकरीत असताना, कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने अपंगत्व येऊन नोकरी गेलेल्यांसाठी आहे. आधीपासूनचं अंधत्व त्यात बसत नाही आणि अर्ज त्या कारणाने परत येतो.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये. तहसीलदाराचा दाखला सरलेल्या वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो. २०२२-२३ मध्ये बाईंचीच कमाई १,३४,८८० रुपये होती. म्हणजे नोकरी गेलेल्या वर्षी हा दरवाजा बंद, आणि तो उघडेपर्यंत भत्त्याचे ९० दिवस कधीच संपलेले असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योग’ या व्याख्येतून पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांनी चालवलेल्या आस्थापना वगळल्या आहेत. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालात सर्वोच्च न्यायालयाने मजुरीवर माणसं ठेवणाऱ्या बऱ्याच धर्मादाय संस्थांना ‘उद्योग’ मानलं होतं, तो आधार त्यामुळे ढिला होतो. याच उत्पादन विभागात आज काम थांबलं तर १५ दिवसांच्या भरपाईचा आणि कपातीचा मुद्दा संस्था या व्याख्येवर लढेल. विम्याचं तसं नाही. तो ‘उद्योग’ या शब्दावर नाही, नोंदलेल्या आस्थापनेवर आणि भरलेल्या अंशदानावर चालतो. म्हणून अशा संस्थेतल्या अंध कामगाराने दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या विमा खात्यावरचे मागच्या सहामाहीचे दिवस कुणाकडून तरी वाचून घ्यावेत, आणि मजुरी भागिले दिवस करून बघावं. भागाकार नेहमीच्या रोजापेक्षा फुगलेला आला, तर दुरुस्तीचा अर्ज काम चालू असतानाच द्यावा.